जिवंत देहाचा पाठ

ज्या मनुष्याने काढलेली मानवी देहाची चित्रे पुढे शतकाहून अधिक काळ जगभरच्या वैद्यक-विद्यार्थ्यांच्या उशापायथ्याशी राहिली, तो हेन्री व्हँडाइक कार्टर १८५८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय चाकरीत मुंबईस आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शारीर व शरीरक्रियाविज्ञान अशा दोन्ही विषयांचा अध्यापक म्हणून रुजू झाला, ही गोष्ट मुंबईकरांपैकी फार थोड्यांच्या स्मरणात असेल. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात हेन्री ग्रे याच्यासाठी त्याने तीनशे त्रेसष्ट आकृत्या काढल्या होत्या. त्याबद्दल त्यास एकदाच काय ते दीडशे पौंड मिळाले, पुस्तकाच्या विक्रीतील कवडीचाही वाटा मिळाला नाही, आणि शीर्षकपृष्ठावरील त्याचे नाव आपल्या नावापेक्षा लहान अक्षरांत असावे याची दक्षता खुद्द ग्रे याने घेतली. ग्रंथ लंडनच्या बाजारात आला तेव्हा चित्रकार हिंदुस्थानात पोहोचूनही गेला होता. ग्रे १८६१ साली देवीच्या आजाराने तरुणपणीच वारला. कार्टर मात्र या देशात तीस वर्षे राहिला, साताऱ्यास सिव्हिल सर्जन झाला, महारोग, मदुरापाद आणि उलटणारा ताप यांवर त्याने मोलाचे संशोधन केले, आणि १८७७ साली तो त्याच कॉलेजाचा प्रमुखही झाला.

कार्टरच्या आकृत्यांचे वैशिष्ट्य असे, की प्रत्येक शिरेचे, स्नायूचे अथवा अस्थीच्या उंचवट्याचे नाव समासात अंक घालून तळटीपेस न सांगता त्याने ते त्या त्या अवयवाच्या अंगावरच, त्याच्या वळणाला अनुसरून लिहिले. विद्यार्थ्याची नजर चित्रावरून हलण्याचे कारणच उरले नाही. परंतु ही युक्ती निश्चल देहापुरतीच चालते. हृदयाच्या चित्रावर ‘डावी जवनिका’ असे लिहिता येते. ती जवनिका आकुंचन पावताना आतला दाब कोणत्या क्षणी किती चढतो, झडप कधी मिटते आणि कानाला ऐकू येणारा पहिला ध्वनी नेमका कशाचा, हे तिच्या अंगावर लिहिता येत नाही. मृत देहाच्या त्या थोर चित्रकाराच्या हाती सरकारने जिवंत देहाचा विषयही पुरवणीदाखल सोपविला, यात सरकारची काही विशेष चूक होती असे नव्हे. त्या काळी इंग्लंडातही बहुतेक ठिकाणी हाच प्रघात होता. तथापि मुंबई इलाख्यात वैद्यकाच्या प्रथम वर्षात पाऊल टाकणाऱ्या मुलाने शरीरक्रियाविज्ञान कसे शिकले याचा इतिहास पाहू गेल्यास तो बव्हंशी या पुरवणीचाच इतिहास आहे: शारीराच्या पदराला बांधलेला, पन्नास वर्षे केवळ कानाने ऐकलेला, आणि फार उशिरा हाताला लागलेला विषय.

या कथेचा आरंभ कार्टरच्याही आधीचा आहे. १८२६ साली मुंबईत डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या हाताखाली देशी वैद्यांची एक शाळा सरकारने काढली होती. तीत शिक्षण मराठी, गुजराती आणि हिंदुस्तानी भाषांतून होत असे आणि त्यासाठी मॅक्लेनन यांनी इंग्रजी ग्रंथांची देशी भाषांत रूपांतरे करविली. सहा वर्षांनी, १८३२ साली, सरकारने ती शाळा निरुपयोगी ठरवून मोडली. पुढे १८३८ च्या जुलै महिन्यात गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट दापोडी येथे अकस्मात निवर्तले. हे गृहस्थ व्यवसायाने वकील आणि छंदाने ख्रिस्ती स्तोत्रकर्ते. वैद्यकाशी त्यांचा संबंध एवढाच, की मुंबईत वैद्यकशाळा व्हावी ही तजवीज त्यांनी मनापासून चालविली होती. त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी जमली, जमशेटजी जीजीभाईंनी रुग्णालयासाठी लाख रुपये देऊ केले, ३ जानेवारी १८४३ रोजी भायखळ्यास पाया घातला गेला आणि १ नोव्हेंबर १८४५ रोजी कॉलेज सुरू झाले. शिक्षण देशी भाषेत द्यावे की इंग्रजीत, हा वाद शिक्षणमंडळात त्या सुमारास जोरात होता. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे कैवारी, तर नाना शंकरशेट देशी भाषांचे. वैद्यकशाळेपुरता तरी निकाल इंग्रजीच्या बाजूने लागला.

कॉलेजाचे पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड एडिंबरोचे पदवीधर असून पॅरिसच्या रुग्णालयांतही शिकले होते. अध्यापक अवघे तिघे. शारीर व शस्त्रविद्या डॉ. पीट यांच्याकडे; रसायन, वनस्पती व औषधिद्रव्ये डॉ. जिराड यांच्याकडे, आणि स्वतः मोरहेड यांच्याकडे वैद्यकाचा जो विषय होता त्याच्या नावातच एडिंबरोची परंपरा दडलेली होती. तेथे शरीरक्रियेच्या अध्यासनास ‘वैद्यकाची मूलतत्त्वे’ अशा अर्थाचे जुने नाव होते, कारण निरोगी देह कसा चालतो हे कळल्याखेरीज बिघडलेला देह कळावयाचा नाही अशी त्या विद्यापीठाची धारणा होती. धारणा उत्तम. परंतु ज्यांच्या शिरावर प्रमुखपद, रुग्णालय आणि प्रत्यक्ष चिकित्सा शिकविण्याचा भार, त्या मोरहेड यांचे चित्त खाटेवरील रोग्याकडे अधिक असावे हे स्वाभाविकच होते. विद्यार्थ्याने रोग्याच्या उशाशी उभे राहून टिपणे करावीत हा त्यांचा आग्रह, आणि त्यांचा १८५६ साली प्रसिद्ध झालेला हिंदुस्थानातील रोगांवरील ग्रंथही त्याच आग्रहाचे फळ होय.

१८५१ साली या कॉलेजातून पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांत पेडण्याच्या मुलखातून आलेले भाऊ दाजी लाड होते, पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत अग्रभागी असलेले आत्माराम पांडुरंग तर्खडकर होते, अनंत चंद्रोबा होते, आणि वनस्पतिशास्त्रात नाव मिळविणारे गोमंतकीय लिस्बोआ होते. भाऊ दाजी तर एल्फिन्स्टनमध्ये शिकविण्याची चालती नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी झाले. शिकत असतानाच त्यांनी काठेवाडातील बालिकाहत्येवर निबंध लिहून सहाशे रुपयांचे बक्षीस मिळविले. शिलालेख आणि नाणी वाचणारा हा मनुष्य शरीरशास्त्राच्या वर्गात कोणते प्रश्न विचारत असेल, याची कल्पना करण्यात मौज आहे.

त्या पहिल्या विद्यार्थ्यांना शिकविला गेलेला देह कसा होता, याचा विचार केल्यावाचून पुढे जाववत नाही. सजीव प्राणी पेशींचे बनलेले असतात हा श्वान या शास्त्रज्ञाचा सिद्धान्त त्या वेळी जेमतेम सहा वर्षांचा होता. जठरातील पचनाची माहिती होती ती मुख्यतः अमेरिकेतील बोमाँट या लष्करी डॉक्टरने एका फासेपारध्याच्या पोटावर बंदुकीच्या गोळीने राहिलेल्या छिद्रातून केलेल्या निरीक्षणांची, आणि तीही बारा वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेली. यकृत साखर निर्माण करते व साठवते, हे क्लोद बर्नार पॅरिसमध्ये शोधीत होता ती हीच वर्षे. रक्ताचा दाब कागदावर उतरविणारे यंत्र जर्मनीत कार्ल लुडविगने १८४७ साली बनविले, म्हणजे भायखळ्याचे कॉलेज सुरू झाल्यानंतर दोन वर्षांनी. संप्रेरके नव्हती, जीवनसत्त्वे नव्हती, रक्तगट नव्हते. आजच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला जो भाग पाठ करता करता नाकी नऊ येतात त्यातील बहुतेक भाग भाऊ दाजींना पाठ करावाच लागला नाही, एवढा एक हेवा त्यांचा करावासा वाटतो.

शवविच्छेदनाची कथा सर्वांना ठाऊक असते. कलकत्त्यास १० जानेवारी १८३६ रोजी पंडित मधुसूदन गुप्त यांनी प्रेतास शस्त्र लावले, त्याचा गाजावाजा झाला, किल्ल्यावरून तोफा डागल्या गेल्याची आख्यायिका आजही सांगितली जाते. त्याआधी दोन सहस्रांहून अधिक वर्षांपूर्वी सुश्रुताने प्रेत मुंज-कुशांनी वेष्टून, पिंजऱ्यात घालून वाहत्या प्रवाहात सात रात्री ठेवावे व कुजल्यावर वाळ्याच्या वा वेळूच्या कुंचल्याने हळूहळू घासून त्वचेपासून एकेक थर पाहावा, असा विधी सांगून ठेवला होता, हेही अभिमानपूर्वक सांगितले जाते. शरीरक्रियाविज्ञानाच्या वाट्याला असे काहीच आले नाही. त्यास धर्माने विरोध केला नाही, सोवळे आडवे आले नाही, तोफाही उडाल्या नाहीत. वर्गात बसून नाडी, श्वास आणि पचन यांविषयी ऐकण्यात कोणाचा धर्म बुडणार? त्यामुळे या विषयाने मुंबईत प्रवेश केव्हा केला हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

तो मराठीत केव्हा आला, हे मात्र शोधण्याजोगे आहे. मॅक्लेनन यांची शाळा मोडून तीस वर्षे होत आली तेव्हा, १८६१ साली, सरकारला पुन्हा देशी भाषांची आठवण झाली. कारण दवाखान्यांस हाताखालची माणसे पाहिजेत आणि इंग्रजी शिकलेला पदवीधर तालुक्याच्या गावी तुटपुंज्या तनख्यावर जावयाचा नाही. ग्रँट कॉलेजातच मराठी व गुजराती वर्ग सुरू झाले. त्या वर्गांवर शिकविणाऱ्यांपैकी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांचे नाव विशेष आदराने घ्यावेसे वाटते. वनस्पतींचे ते मर्मज्ञ होते, १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या संस्थापकांत होते, आणि १८७७ साली त्यांनी ‘विवाहविज्ञान’ हे पुस्तक मराठीत लिहून, ज्या गोष्टी कुलीन घरांत कुजबुजूनही बोलल्या जात नसत त्या शास्त्राच्या स्वच्छ भाषेत मांडल्या.

या वर्गांची खरी अडचण शब्दांची होती. आयुर्वेदाचे भांडार जवळ होते, परंतु त्या भांडारातील भांड्यांत पूर्वीच काही भरलेले होते. ‘मज्जा’ या शब्दाचे उदाहरण पाहावे. सप्तधातूंतील सहावा धातू, अस्थींच्या पोकळीत राहणारा, असा त्याचा अर्थ कोणताही वैद्य सांगेल. मराठी पाठ्यपुस्तकांनी मात्र मेंदूपासून बोटापर्यंत संदेश नेणाऱ्या तंतूस ‘मज्जातंतू’ म्हटले आणि पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या दोरास ‘मज्जारज्जू’. परिणामी हाडातला मगज दाखविण्यासाठी ‘अस्थिमज्जा’ असे विशेषण लावण्याची पाळी आली, आणि मराठी मनुष्य आजतागायत ‘माझे मज्जातंतू बिघडले’ असे म्हणतो तेव्हा चरकाचा शिष्य भलतेच काही समजला तर दोष कोणाचा? हृदयातून निघणाऱ्या वाहिनीस कोणी ‘धमनी’ म्हणे, कोणी ‘रोहिणी’. परतणारीस ‘शिरा’ की ‘नीला’ यावरही एकमत नव्हते. शाळेच्या पुस्तकांतून रोहिणी व नीला या दोन सुरेख नावांशी मैत्री केलेला मुलगा कॉलेजात येतो तो त्या दोघी एकाएकी नाहीशा होऊन त्यांच्या जागी ‘आर्टरी’ आणि ‘व्हेन’ उभ्या असतात. विषयाच्या नावाचेही तेच झाले. ‘इंद्रियविज्ञान’ म्हणून झाले, ‘शरीरक्रियाविज्ञान’ म्हणून झाले, आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘फिजिओ’ राहिले. माझे स्वतःचे मत विचाराल तर ‘रक्ताभिसरण’ हा एकच शब्द त्या सबंध खटाटोपाचे सार्थक करण्यास पुरेसा आहे. तो इतका रुळला की त्यास कोणी घडविले असेल ही शंकाही आता येत नाही.

स्त्रियांना कॉलेजाचे दार उघडले ते १८८३ साली, किट्रेज या अमेरिकन व्यापाऱ्याने आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी उभारलेल्या निधीच्या बळावर. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास जाऊन तेथील स्त्रियांच्या वैद्यकशाळेत दाखल झाल्या होत्या. सखाराम अर्जुन यांची सावत्र कन्या रखमाबाई त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८८९ साली, लंडनास शिकावयास गेली. वडिलांनी आयुष्यभर मराठीत शिकविलेले शास्त्र मुलीला परमुलखात परभाषेत शिकावे लागले.

आता प्रयोगाकडे वळू. लंडनमध्ये शरीरक्रियाविज्ञानाचे अध्यापन ज्याने दीर्घकाळ केले तो विल्यम शार्पी हा मोठा विद्वान शिक्षक होता, परंतु स्वतः प्रयोग दाखविणाऱ्यांपैकी नव्हता. लुडविगच्या यंत्राचे वर्णन करताना तो आपली उंच टोपी टेबलावर फिरवून, असाच एक नळकांडा फिरतो आणि त्यावर रेघ उमटते, असे विद्यार्थ्यांस समजावी. एका अख्ख्या पिढीने रक्तदाबाचा आलेख पाहिला तो या टोपीवर. १८७० साली इंग्लंडच्या शस्त्रवैद्यांच्या महासंस्थेने प्रात्यक्षिक शरीरक्रियाविज्ञान आवश्यक केले तेव्हाच टोपीचे दिवस भरले. सहाच वर्षांनी तेथे प्राण्यांवरील प्रयोगांना परवान्याचे बंधन घालणारा कायदाही झाला. प्रयोग आणि प्रयोगाविषयीची टोचणी अशी एकाच दशकात जन्मली.

मुंबईत ‘प्रयोगशाळा’ या वस्तूला प्रतिष्ठा मिळाली ती मात्र शरीरक्रियेमुळे नव्हे, तर प्लेगामुळे. १८९६ च्या शरदात हाफकिन हा जंतुशास्त्रज्ञ मुंबईस आला तेव्हा ग्रँट कॉलेजातील एका अपुऱ्या जागेत त्याने आपले काम मांडले आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगाची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. काचेच्या नळ्या, कुपी आणि दिवे यांनी भरलेल्या खोलीत शहराचे भवितव्य ठरू शकते, हे त्या हिवाळ्यात मुंबईने पाहिले. त्यानंतरच्या काळात विद्यापीठाच्या परीक्षांची नावे बदलली, एल. एम. अँड एस. जाऊन एम. बी. बी. एस. आली, शरीरक्रियाविज्ञानावरील कर्क्सच्या पुस्तकाची जागा त्याचाच वारस असलेल्या हॅलिबर्टनने आणि पुढे सॅम्सन राइटने घेतली. १९२६ साली परळास सेठ गोर्धनदास सुंदरदास कॉलेज व के. ई. एम. रुग्णालय उभे राहिले. तेथील अध्यापक भारतीयच असावेत, सरकारी वैद्यकीय सेवेतून लादलेले नसावेत, ही देणगीदारांची अट होती. या साऱ्या उलाढालीत विषय शारीराच्या पदरातून सुटून स्वतंत्र खोलीत राहू लागला. त्या खोलीचे वर्णन मात्र घाईने आटोपण्याजोगे नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचे दिवस दोन वासांत वाटलेले असत: एक फॉर्मलिनचा, दुसरा काजळीचा. शवविच्छेदनाच्या दालनातून बाहेर पडून शरीरक्रियेच्या प्रयोगशाळेत शिरले की लांब बाकांवर रांगेने मांडलेले, लुडविगच्या यंत्रासारखे फिरणारे पितळी ड्रम दिसत. प्रत्येकावर गुळगुळीत चकचकीत कागद ताणून डकवावयाचा, तो धुराच्या ज्योतीवर फिरवीत एकसारखा काळा करावयाचा, आणि तो काळा होईतो आपले हात, नाक व पांढरा कोट हेही यथाशक्ति काळे होत. मग बेडूक. कवटी आणि कणा यांच्या सांध्यात सुई घालून आधी मेंदू, मग मज्जारज्जू नाहीसा करावयाचा, यास ‘पिथिंग’ म्हणत. पहिल्या दिवशी हे कृत्य करताना ज्याचा हात थरथरला नाही असा विद्यार्थी विरळा. नंतर पोटरीचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसह अलग काढून, टोकाला दोरा बांधून तरफेस जोडावयाचा. वेटोळ्यातून विजेचा एक झटका दिला की तरफ उडे आणि काळ्या कागदावर एक पांढरी टेकडी उमटे. तिच्याखाली सेकंदाच्या शंभराव्या भागांची लाट उमटविणारा नादकाटा. त्या लाटेवरून मोजले की निष्कर्ष निघे: झटक्यानंतर शतांश सेकंद काहीच घडत नाही, पुढील चार शतांशांत स्नायू आखडतो, पाच शतांशांत सैल पडतो. एकंदर एक दशांश सेकंद. डोळ्याची पापणी लवण्यास जेवढा वेळ लागतो त्याहूनही हा काळ कमी, आणि तरीही तो कागदावर पसरून, तुकडे पाडून, मोजून दाखविता येतो, या जाणिवेने आलेला रोमांच त्या वयातील मुलांनी एकमेकांस कधी बोलून दाखविला नाही एवढेच.

बेडकाच्या हृदयाचा प्रयोग याहून अद्भुत. देहापासून वेगळे काढलेले हृदय खारट पाण्यात ठेवले तर धडधडत राहते, परंतु ते खारट पाणी कोणते? सिडनी रिंगर नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १८८२ साली जाहीर केले, की केवळ मिठाच्या पाण्यावर हृदय चालते. पुढे त्याच्या ध्यानात आले, की ज्यास आपण ऊर्ध्वपातित पाणी समजलो ते सहायकाने सरळ नळाचे घेतले होते, आणि लंडनच्या नळाच्या पाण्यात चुना असतो. शुद्ध पाणी घेताच हृदय थांबले. चुन्याचा अंश घालताच पुन्हा चालू लागले. एका नोकराच्या आळसामुळे हृदयास कॅल्शियम लागते हा शोध लागला आणि रिंगरने १८८३ मध्ये आपली चूक प्रांजळपणे छापून टाकली. प्रथम वर्षात ‘रिंगर’ या नावाची बाटली बेडकाच्या हृदयावर थेंब थेंब सोडणारा विद्यार्थी चार वर्षांनी वॉर्डात उभा राहतो तेव्हा परिचारिका ‘आर. एल. लावा’ म्हणते. त्यातील पहिले अक्षर त्याच डॉक्टरचे आहे, हे किती जणांच्या लक्षात येत असेल?

याच बेडकाच्या हृदयावर १९२१ साली ऑटो लोवी याने दाखविले, की मज्जातंतू हृदयाला आवरतो तो विजेने नव्हे, तर एका द्रव्याने. एका हृदयाभोवतीचे पाणी दुसऱ्यावर सोडले तर दुसरेही मंदावते. ते द्रव्य असेटिलकोलीन. त्यानंतर तेरा वर्षांनी डॉ. बी. बी. दीक्षित यांनी मांजराच्या मेंदूतील पोकळीत तेच द्रव्य सोडून झोपेसारखी अवस्था उत्पन्न होते असे इंग्लंडच्या शरीरक्रियाविज्ञानाच्या नियतकालिकात नोंदविले. १८७८ पासून चालत आलेल्या पुण्याच्या बैरामजी जीजीभाई वैद्यकशाळेचे १९४६ साली कॉलेज झाले तेव्हा तिचे पहिले प्राचार्य हेच दीक्षित, आणि १९५६ साली दिल्लीस अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था निघाली तेव्हा तिचे पहिले संचालकही तेच. कार्टरच्या काळी जो विषय शारीराच्या अध्यापकास जोडकाम म्हणून मिळत होता, त्या विषयाचा एक मराठी संशोधक देशातील सर्वांत मोठ्या वैद्यकसंस्थेच्या प्रमुखपदी बसला.

परंतु ड्रम आणि बेडूक यांहूनही विद्यार्थ्याच्या मनावर खोल ठसा उमटविणारी वस्तू होती ती त्याचे स्वतःचे बोट. रक्ताच्या तासाला डाव्या हाताच्या अनामिकेस स्पिरिट लावून सुई टोचावयाची आणि आलेला थेंब काचेच्या नळीत तोंडाने ओढून घ्यावयाचा. लाल मण्याची नळी तांबड्या पेशींसाठी, पांढऱ्या मण्याची पांढऱ्यांसाठी. अर्ध्या खुणेपर्यंत रक्त, मग एकशे एक खुणेपर्यंत हायेमचे द्रव, म्हणजे दोनशेपट विरलता. हायेमच्या द्रवात रसकापूर असतो, आणि तोंडाने ओढताना खूण चुकली तर ते विष जिभेपर्यंत येई. तरीही वर्षानुवर्षे हजारो मुलांनी ते असेच ओढले, ही गोष्ट आज ऐकणाऱ्यास नवल वाटेल. मग नॉयबावरच्या चौकटीवर ऐंशी बारीक घरांतील पेशी मोजून त्यांस दहा हजारांनी गुणावयाचे. सालीच्या नळीत त्याच रक्ताचा तपकिरी रंग काचेच्या नमुन्याशी जुळवावयाचा. तीन वेगवेगळे मित्र तीन वेगवेगळी उत्तरे काढीत आणि वसतिगृहाची खानावळ कोणास मानवली व कोणास नाही याचा निर्णय त्याच दिवशी लागे. पुस्तकात ‘मनुष्य’ म्हणून ज्याचे वर्णन आहे तो मनुष्य आपणच, हे तेव्हा कळे. खरे पाहता या शास्त्राचा आरंभही असाच झाला होता. हार्वीने १६२८ च्या आपल्या ग्रंथात जिवंत मनुष्याच्या दंडाला फीत बांधून, फुगलेल्या शिरेवर बोट दाबून, रक्त एकाच दिशेने कसे वाहते हे दाखविले होते. त्यासाठी ना बेडूक लागला, ना ड्रम.

रक्तगटाची तपासणी हा या तासाचा कळस. काचपट्टीवर दोन थेंब, दोन रसायने, कोठे गुठळ्या होतात ते पाहावयाचे, आणि ज्याचा गट ‘ओ’ निघे तो सर्वांना रक्त देऊ शकणारा म्हणून दिवसभर ऐटीत वावरे. १९५२ साली परळच्या के. ई. एम. मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र असे रक्त सापडले, की जे पाहता ‘ओ’ दिसे, परंतु ‘ओ’ गटाचे रक्तही त्यास सोसत नसे. ज्या मूळ पायावर ए आणि बी हे दोन्ही गट उभे राहतात तो एच नावाचा पायाच त्या लोकांच्या पेशींत नव्हता. लंडनच्या ‘लॅन्सेट’ मध्ये ते वर्तमान छापले गेले आणि जगभरच्या पुस्तकांत तो गट ‘बॉम्बे’ या नावाने रूढ झाला. शहराचे सरकारी नाव बदलून इतकी वर्षे झाली, रक्ताने ते अद्याप बदललेले नाही.

बेडूक मात्र गेला. १९६० च्या प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक कायद्यातच असे म्हटले होते, की वैद्यकशाळांत पुस्तके, प्रतिकृती अथवा चित्रपट यांनी काम भागत असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. परंतु कायद्याचे कलम आणि कॉलेजाचे वेळापत्रक यांची गाठ पडण्यास अर्धे शतक जावे लागले. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात बेडकाचा स्नायू आणि हृदय हे संगणकाच्या पडद्यावर पाहावयाचे विषय झाले. तेथे तरफ दरवेळी नेमकी उडते, काजळी नाही, थरथरणारा हात नाही, आणि एका दशांश सेकंदाचे उत्तरही कधी चुकत नाही. बेडकाची सुटका झाली याचा आनंद मानावा तितका थोडाच. तथापि शार्पीच्या टोपीची आठवण या पडद्याजवळ का यावी, हे कोडे मला पडते.

प्रयोग संपला म्हणजे ड्रमवरील कागद ब्लेडने कापून अलगद उतरवावयाचा, लाखेच्या पातळ वार्निशाने भरलेल्या पसरट पात्रातून एकदाच, न थांबता ओढावयाचा आणि तारेवर चिमट्याने टांगून वाळवावयाचा. ओढताना हात अडखळला तर टेकडी पुसली जाई आणि दुसरा बेडूक मिळत नसे. वाळलेला कागद जर्नलात डकवून त्याखाली दिनांक, तपमान आणि झटक्याचे बळ लिहून डेमॉन्स्ट्रेटरची सही घ्यावयाची. निवृत्त डॉक्टरांच्या माळ्यावर अशी जर्नले आजही सापडतात. पाने पिवळी पडली आहेत, वार्निश तडकले आहे, सही ओळखता येत नाही. परंतु काळ्या पार्श्वभूमीवरील ती पांढरी टेकडी जशीच्या तशी आहे, आणि तिच्या कडेला एका अठरा वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याचा काजळीचा ठसा.